अर्धी बारामतीला, अर्धी पुण्याला

पहिला डाग आत्यांना दिसला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. धुणं भिजवायला घेताना त्यांनी माझा पांढरा ब्लाउज उजेडात धरला आणि विचारलं, "वैशाली, हे कशाचं गं?"

उजव्या बाजूला शेंगदाण्याएवढा तांबूस डाग होता. माझी ड्यूटीला निघायची घाई चालली होती. "रसाचा असेल," मी म्हणाले. थाप मारली नव्हती. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. हंगामात दिवसभर उसाच्या रसात हात असतात. रस उडतो, वाळतो, तांबूस होतो. माझ्या निम्म्या कपड्यांवर तसले डाग आहेत.

आत्यांनी ब्लाउज उलटा केला. "रस भायेरनं उडतुया. ह्यो डाग आत मोठा हाय आन भायेर बारका."

मी हसले. "आत्या, तुम्हीच या आमच्या लॅबमध्ये कामाला," म्हणाले आणि डबा उचलून निघाले. चौथी शिकलेल्या त्या बाईनं जे उभ्याउभ्या ओळखलं, ते मी, बी.एस्सी. केमिस्ट्री, पुढचे तीन महिने ओळखलं नाही. हे मुद्दाम सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढेही मी बरंच शहाणपण केलेलं आहे.

रोजचा आकडा

आत्या त्यानंतर वाद घालत बसल्या नाहीत. माझे ब्लाउज तेवढे वेगळे धुवायला लागल्या. मी संध्याकाळी घरी आले की पाणी आलं का, दूध किती निघालं हे सांगावं तसं सांगायच्या, "आज एकच व्हता." "आज न्हाय." "आज दोन, एकाला एक लागून."

मला त्याचा भयंकर राग यायचा. एकदा मी फटकन म्हणाले, "तुम्ही मोजू नका हो." त्या म्हणाल्या, "मी न्हाय मोजलं म्हून यायचं थांबणार हाय व्हय?"

एक दिवस आंघोळ करताना मी स्वतःच उजवी छाती दाबून पाहिली. थेंब आला. काळपट लाल, पातळ केलेल्या मळीसारखा. मी त्यावर पाणी ओतलं आणि तो फरशीवरून वाहत मोरीत गेला. खरं सांगते, मनात पहिला विचार मरणाचा आला नाही. हंगाम संपायला अजून दीड महिना आहे, रजा कोण देणार, हा आला. मरणाचा विचार साडी नेसताना आला. मग निऱ्या काही केल्या नीट बसेनात.

आमचे हे, दत्तात्रय, शेतीच्या जोडीला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. कळंबला घरापुढेच दुकान आहे. त्या सकाळी एक जळलेली मोटार पुढ्यात उघडून बसले होते. मी उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले.

"चल."

"कुठं?"

"बारामतीला."

"आत्ता? माझी ड्यूटी आहे."

"मंग कवा जायचं?" एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली आणायला आत गेले. चहासुद्धा घेतला नाही. चहा न घेता बाहेर पडलेला हा माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तीन धागे

सोनोग्राफीत दुधाची एक नळी फुगलेली दिसली आणि तिच्यात बोराएवढी काहीतरी वाढ. मग सुई. जागा बधिर करतात, दुखत नाही. पण स्टेपलरसारखा खट्ट आवाज होतो आणि तो आपल्या अंगातून येतो. असा आवाज तीनदा झाला. बाटलीत तीन पांढुरके धागे तरंगत होते. तेवढ्यावर सगळं ठरणार होतं.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. "पॅपिलरी लीजन" असं लिहिलं होतं आणि त्यापुढे, सौम्य की घातक हे या नमुन्यावरून ठरवता येत नाही. डॉक्टरांनी समजावलं, पण माझं समाधान होईना. ज्यानं नमुना पाहिला त्याच्याशीच बोलायचं, ही माझी सवय. मी रिपोर्टवरची सही बघून बारामतीतल्या त्या लॅबमध्ये थेट आत गेले. पॅथॉलॉजिस्ट एक पन्नाशीच्या बाई होत्या. छोटी खोली, सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांचे ट्रे.

"पेशंट माझ्यापर्यंत सहसा येत नाहीत," त्या म्हणाल्या, "बसा."

त्यांनी सोपं करून सांगितलं. "ठिबकच्या पाइपात शेवाळ धरतं, पाहिलंय ना? तसं नळीच्या आत फांद्याफांद्यांचं काहीतरी वाढलंय. बहुतेकदा ते साधं असतं. पण कधी कधी त्यातलीच एखादी जागा बिघडलेली असते, एखाद्या कोपऱ्यात. मला सुईतून तीन धागे मिळाले. तिन्ही साधे दिसतात. त्यावरून अख्ख्या गाठीची हमी मी देणार नाही."

"म्हणजे कॅन्सर आहे की नाही?"

"सांगता येत नाही."

मला राग आला. आमच्या लॅबमध्ये मी रजिस्टरात 'सांगता येत नाही' असं लिहिलं असतं तर साहेबांनी मला गेटबाहेर काढलं असतं. आता वाटतं, त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी सर्वांत प्रामाणिक बोललेलं माणूस तेच होतं.

रिपोर्टची शेवटची ओळ अशी होती: गाठ पूर्ण काढून अखंड स्थितीत तपासणीस पाठवावी. ही ओळ मी वाचली होती. नंतर मी दोन-तीन जणांना सांगितलं की माझं लक्ष गेलं नाही. ते खोटं आहे. मी ती दोनदा वाचली होती.

माझं शास्त्र

आता माझ्या कामाचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

कारखान्यातून मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, बाहेर जाते तेव्हा आम्ही नमुना काढतो. त्याचे भाग करतो, प्रत्येक बाटलीला लाख लावून सील करतो. एक बाटली आमच्याकडे, एक बाहेरच्या प्रयोगशाळेत. दोघांनाही एकमेकांचा आकडा कळू द्यायचा नाही. दोन्ही आकडे जुळले की विषय संपला, मग कुणी वर तोंड करून बोलू शकत नाही. एकवीस वर्षं मी हे करते आहे. या पद्धतीनं मला कधी दगा दिला नव्हता.

भांडी घासता घासता मला सुचलं. गाठ काढली की तिचे दोन भाग करायचे. अर्धी बारामतीला, अर्धी पुण्याच्या मोठ्या लॅबला. एकीला दुसरीचा पत्ता नाही. जुळलं तर खरं. 'सांगता येत नाही' म्हणायला जागाच नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी हात न धुताच यांना सांगायला दुकानात गेले.

यांनी ऐकून घेतलं. मग पुढ्यातल्या मोटारीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही जळली. आता अर्धी माझ्याकडं आन अर्धी बावड्याच्या मिस्त्रीकडं दिली तर कुनाला कळंल कुठं जळली ते?"

"तुमच्या मोटारीचं वेगळं," मी म्हणाले. "हे नमुन्याचं शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी पुन्हा पाना उचलला. मी असं बोलले की ते गप्प बसतात, हे मला ठाऊक होतं.

ऑपरेशन इंदापूरला करायचं ठरलं, ओळखीच्या सर्जनकडे. आदल्या दिवशी मी त्यांना माझी योजना सांगितली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गाठ सहसा कापून देत नाहीत आम्ही. बारामतीच्या मॅडमना विचारलंय का?"

"हो," मी म्हणाले.

विचारलं नव्हतं. विचारलं तर त्या नाही म्हणतील अशी धास्ती होती, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं. बस, एवढंसं खोटं.

इंदापूर

सकाळी सिस्टरनी बांगड्या उतरवायला लावल्या. मंगळसूत्र काढून यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टच्या खिशात टाकलं, तिथं मोटारीचे दोन स्क्रू आधीच होते. "घरी गेल्यावर शोधत बसाल," मी म्हणाले. त्यांनी मंगळसूत्र काढून दुसऱ्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला. मला आत नेईपर्यंत तो हात तसाच होता.

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि उजवी बाजू दगडासारखी जड झाली होती. शेजारच्या खाटेवर बावड्याची एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. संध्याकाळी मला उजवा हात वर करता येईना, केस सगळे तोंडावर आलेले. ती बाई स्वतःचं पोट धरून हळूहळू उठली, माझ्यामागे येऊन बसली आणि वेणी घालून दिली. "काय काढलं?" तिनं विचारलं. छातीतली गाठ, मी म्हणाले. "अंग ठेवलं ना?" ठेवलं. "मंग झालं," ती म्हणाली आणि वेणीला गाठ मारली. त्या दोन दिवसांतलं मला चांगलं आठवतं ते तेवढंच.

बाटल्या यांनी दाखवल्या. डब्याच्या पिशवीत दोन बाटल्या, प्रत्येकीत पाण्यासारख्या औषधात बोराची एकेक फाक. एक बाजू गोल, एक सपाट. पहिली त्यांनी त्याच दुपारी बारामतीला पोचवली, दुसरी दुसऱ्या सकाळी पुण्याला. जाताना मी बजावलं, "एकाला दुसऱ्याचं बोलायचं नाही हां."

"न्हाय बोलत," ते म्हणाले.

जुळलं

आठ-दहा दिवसांनी दोन्ही रिपोर्ट आले. मी ते कॉटवर शेजारीशेजारी पसरले आणि पट्टी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली. दोन्हींत तेच. साधी पॅपिलरी गाठ. एका बारीकशा जागेत पेशी थोड्या वेगळ्या, पण त्या जागेचा आकार कॅन्सर म्हणण्याच्या मर्यादेच्या आत. लक्ष ठेवावं.

दोघांची भाषा वेगळी, माप जवळजवळ तेच. मी मोठ्यानं हाक मारली, "अहो, जुळलं!" आत्यांनी देवापुढे साखर ठेवली. हे दुकानातून आले, रिपोर्ट हातात घेतले, इंग्रजी कळत नसताना बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांचे डोळे भरले. मी म्हणाले, "बघा, मोटार आणि माणूस यात फरक असतो." ते हसले. मला आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी पेढे घेऊन बारामतीला गेले. जायची काही गरज नव्हती. बाईंना दाखवायचं होतं की बघा, सांगता येतं.

त्या मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या. मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि पुण्याचा रिपोर्ट पुढे केला. "मॅडम, तुमचं आणि पुण्याचं तंतोतंत जुळलं."

त्यांनी वर पाहिलं. "पुण्याचं? काय पाठवलं होतं पुण्याला?"

"उरलेली अर्धी."

त्यांनी पुण्याचा रिपोर्ट घेतला, कपाटातून माझी फाइल काढली, मग माझ्या काचपट्ट्या काढून एक पट्टी मायक्रोस्कोपखाली लावली. बराच वेळ पाहिलं. पुन्हा पुण्याचा कागद वाचला. मी उभीच होते. एवढ्या वेळात त्यांनी मला बसा म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"माझ्याकडे आलेल्या तुकड्याची एक बाजू सपाट होती," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहिलंयसुद्धा. मला वाटलं सर्जननी आत बघायला छेद दिला असेल. सोनोग्राफीच्या मापापेक्षा तुकडा लहान होता. मी फोन करायला हवा होता. ती माझी चूक." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कापायला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले, आणि मळीच्या नमुन्याची सगळी पद्धत सांगितली. लाख, सील, दोन लॅब. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला.

"मळी ढवळता येते, ताई," त्या म्हणाल्या. "कुठूनही घ्या, सगळीकडे सारखीच. गाठ काय ढवळून कापली होती?"

"पण दोन्ही जुळले ना?"

"जुळले, म्हणूनच मला भीती वाटतेय." त्यांनी पट्टी काढून ठेवली. "माझ्याकडची वेगळी जागा अगदी सपाट बाजूला टेकलेली आहे. पुण्याची कुठं आहे ते त्यांनी लिहिलेलं नाही. तीही तिथंच असेल, तर त्या दोन जागा नाहीत. एकच आहे आणि सुरी तिच्या मधून गेलीय. तिकडचे मेणाचे ब्लॉक आणि पट्ट्या मला आणून द्या. लवकर."

निघताना त्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात परत दिला. "हे आत्ता नको," म्हणाल्या. रागानं नव्हे. त्याचंच वाईट वाटलं.

पेढ्याचा बॉक्स

ते पेढे घरात कुणी खाल्ले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्यांनी ते म्हशीला घातले. रिकाम्या बॉक्समध्ये मी कापूस भरला आणि त्यातच पुण्याहून ब्लॉक आणले. पांढऱ्या मेणाच्या वड्या आणि प्रत्येकीत पिवळसर ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. भिगवणमार्गे गाडीनं परत निघालो. बॉक्स माझ्या मांडीवर होता. खड्डा आला की हे गाडी हळू करत आणि माझ्याकडे न पाहता बॉक्सकडे पाहत.

दोन दिवसांनी बाईंनी दोघांनाही बोलावलं. त्यांनी कोऱ्या कागदावर बोराच्या दोन फाका काढल्या, सपाट बाजू समोरासमोर. मग प्रत्येक फाकेच्या सपाट काठाला पेनानं एक छोटा ठिपका रंगवला. ठिपके एकमेकांच्या बरोबर समोर आले.

"वेगवेगळे मोजले तर दोन्ही मर्यादेच्या आत," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघांनीही बरोबरच मोजलं. पण एकत्र धरले की मर्यादा ओलांडते."

"म्हणजे?" हे विचारणारे आमचे हे होते. मी त्या ठिपक्यांकडेच पाहत होते.

"म्हणजे कॅन्सर. नळीच्या आतला, सुरुवातीचा. मला दिसतंय तेवढा तरी आतच आहे. भिंत फोडून बाहेर आलेला दिसत नाही."

"आन न दिसनारा?"

बाईंनी पेन उचललं आणि दोन फाकांच्या मध्ये दोन रेघा ओढल्या, अगदी जवळजवळ. "सुरीनं काही भाग फाटतो. मग आमच्याकडे मशीनवर पृष्ठभाग सपाट करताना थोडा जातो, पुण्यालाही गेला. ह्या दोन रेघांमध्ये जे होतं ते आता कुठंच नाही. तिथं भिंत शाबूत होती की फुटली होती, ते मी सांगू शकत नाही." मग म्हणाल्या, "आता कुणीच सांगू शकणार नाही."

यांनी तो कागद मागून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी मोटारीचं काहीतरी ऐकायच्या तयारीनं बसले होते. ते बोलले, "पाणी पितीस का?"

त्यानंतर

दुसरं ऑपरेशन झालं. आजूबाजूचा बराच भाग काढला. त्यात थोड्या वाईट पेशी निघाल्या, पण काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या. मग पंचवीस दिवस किरणांचा उपचार. रोज जाणं-येणं, रोज त्याच बाकावर बसणं, आणि एखादी ओळखीची बाई दोन दिवस दिसली नाही की कुणी तिचं नाव न काढणं. कातडी उन्हानं भाजल्यासारखी काळी पडली. आत्या जुन्या लुगड्याचा मऊ कपडा आतून लावून द्यायच्या. त्यांनी गावात कुणाला काही सांगितलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "कारखान्यात पाय घसरला तिचा." मी त्यांना विचारलं, पाय घसरल्यावर छातीला पट्टी कशी? "त्यांना कुठं एवढी अक्कल," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सर्जन मला एकदाच म्हणाले, "मॅडम सांगत होत्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं." मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, ते खोटं तिथंच मिटलं.

मिटलं नाही. यांनी भाकरी खाताना नुसतं वर पाहिलं तरी मला वाटायचं, आता विचारणार. विचारलं की मी काय सांगणार हे मी मनात घोळत बसायची. मॅडम विसरल्या असतील. सर्जनना ऐकू आलं नसेल. आजारानं मला जेवढं पोखरलं त्याहून जास्त या उत्तरांनी पोखरलं. वर्षभर मी यांच्याशी नीट भांडले नाही. भांडायला निदान स्वतःची बाजू तरी खरी लागते.

हंगाम सुरू झाला तशी मी कामावर रुजू झाले. नमुने काढते, सील करते. पहिल्या दिवशी बाटलीवर लाख टाकताना हात थांबला. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं मॅडम? काही नाही, मी म्हणाले, आणि लाख थंड व्हायच्या आत शिक्का दाबला.

परवा

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की वर्षाच्या तपासणीत व्रणाच्या शेजारी काहीतरी दिसलं आहे. जुन्या टाक्यांचा घट्टपणा असू शकतो. डॉक्टरांनी असंही सांगितलं की नसूही शकतो. परवा बारामतीला पुन्हा सुई घातली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तीन धागे.

बाटली यांच्या हातात दिली. लॅब दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून आम्ही चालतच निघालो. वाटेत ते म्हणाले, "ह्यातलं पुन्याला काय द्यायचं न्हाय ना?"

चेष्टाच होती. पण मी रस्त्यातच थांबले. एका पत्र्याच्या दुकानापुढे, ऐन रहदारीत, मी सांगून टाकलं. की सर्जननी विचारलं होतं. की मी हो म्हणाले होते. की मी मॅडमना विचारलंच नव्हतं, रिपोर्टवरची ओळ वाचूनसुद्धा. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही.

त्यांनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"डाक्टरनी तवाच सांगितलं. तुला दुसऱ्यांदा आत न्हेलं व्हतं, मी भायेर हुबा व्हतो. म्हनले, वहिनी व्हय म्हनल्या म्हून मी कापली."

एक वर्ष. एक वर्ष हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला, मला गाडीतून नेलं-आणलं, माझी काळी पडलेली कातडी पाहिली आणि एकदाही बोलला नाही. आणि मी त्याच्या प्रत्येक नजरेला भीत बसले.

"मग बोलला का नाही?"

"बोलून ती गाठ परत जुळनार व्हती व्हय?" ते म्हणाले आणि पुढे चालायला लागले. मग वळून म्हणाले, "चल, खिडकी बंद हुईल."

लॅबच्या खिडकीवर एक कागद चिकटवलेला आहे, बाईंच्या हातचा: 'गाठीचे भाग करून आणू नयेत. अखंड आणावी.' वर्षापूर्वी तो नव्हता. तो माझ्यामुळे लागला आहे हे त्या खिडकीतल्या मुलीला माहीत नाही. तुम्ही कुणी अशी बाटली घेऊन कुठल्याही खिडकीशी उभे असाल, तर मलाही तेवढंच सांगायचं आहे. दुसरं मत जरूर घ्या, पण आधी अख्खी गाठ एकाच जागी तपासून होऊ द्या. मग त्याच काचपट्ट्या दुसऱ्याला दाखवा. आणि डॉक्टरांनी "विचारलंय का" म्हटलं, तर खरं सांगा.

खिडकीतल्या मुलीनं बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "नमुना पूर्ण आहे ना?" तिनं विचारलं.

"व्हय," हे म्हणाले. "सगळा हाय." आणि तिनं पावती फाडून दिली तरी त्यांचा हात बराच वेळ खिडकीच्या कट्ट्यावरच होता.

रिपोर्ट शनिवारी आहे. आज बुधवार. बाईंनी काढलेला तो कागद आता माझ्या पर्समध्ये असतो, घडीवर फाटत आलाय. आज सकाळी आत्यांनी धुणं भिजवायला घेतलं. माझा ब्लाउज त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मी दारात उभी होते. ऑपरेशननंतरही वर्षभर त्या रोज मला सांगत आल्या आहेत, "आज न्हाय." आज त्यांनी ब्लाउज गुपचूप बादलीत बुडवला आणि काहीच सांगितलं नाही.

मीही विचारलं नाही.